ऑक्सिजन मोजणाऱ्या हंड्याची साक्ष

मी एक जुना, पोट सुटलेला, तीन पायांवर उभा असलेला पोलादी हंडा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार दमलो आहे. तुम्ही म्हणाल, जागचा न हलणारा हंडा दमेल कशाने? अहो, त्यानेच तर दमतो. धावणाऱ्याला निदान बसायला तरी मिळतं. मी सव्वीस वर्षं उभा होतो आणि त्या सव्वीस वर्षांत एक डुलकीही काढली नाही. ही थाप नाही. थापा मी पुढे मारणार आहे, तेव्हा तसं सांगेन.

माझ्या पोटात एक हंडा आहे, त्या हंड्यात आणखी एक हंडा, आणि सगळ्यांत आतल्या हंड्यात बारीक तारेचं एक मोठं वेटोळं. ते वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं असायचं. तिथली थंडी अशी की तिच्यापुढे तुमच्या घरचा बर्फ म्हणजे उकळता चहा. त्या थंडीत तार विजेला अडवायचंच विसरते. एकदा वीज आत सोडली, तारेची दोन टोकं एकमेकांना जोडली, की मग ना बटण लागतं ना प्लग. वीज आपली गोल गोल फिरत राहते. माझी वीज एका दुपारी सोडली होती. सोडणारा गडी हात झटकून जेवायला गेला, आणि ती सव्वीस वर्षं फिरत राहिली. आता सांगा, पोटात असं काही फिरत असताना कुणाला झोप लागेल?

ह्या फिरत्या विजेमुळेच मी चुंबक झालो. साधासुधा नाही, भलताच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई माझी तार गुंडाळत असे. एक फेरा दुसऱ्यावर चढला की ती दहा फेरे उलगडून पुन्हा गुंडाळायची. शेवटचा फेरा बसला तेव्हा तिने तळहाताने सगळी तार चाचपली आणि म्हणाली, "नीट बस रे बाबा. आत गेलास की पुन्हा कुणाचा हात लागायचा नाही तुला." खरंच लागला नाही.

मग मला खोक्यात घालून जहाजावर चढवलं. मी लोकांना सांगतो की वाटेत जहाजाचं होकायंत्र उत्तर सोडून माझ्याकडेच बघू लागलं आणि कप्तान तीन दिवस एकाच जागी गोल फिरत बसला. मित्रांनो, ही थाप आहे. तेव्हा माझ्यात वीज नव्हतीच. पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

मी आलो तो एका औषधाच्या कारखान्यात. तिथे इंजेक्शनचं पाण्यासारखं पातळ, चवीला आंबट औषध बनायचं आणि बोटभर काचेच्या कुप्यांमध्ये भरलं जायचं. त्या औषधाचा एकच वैरी, ऑक्सिजन. तोच, जो तुम्ही श्वासात घेता. तो पाण्यात विरघळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि औषधात राहिला तर काही महिन्यांत औषध पिवळं पडतं. मग ते टोचून उपयोग नाही. म्हणून कुप्या भरण्याआधी टाकीतल्या औषधातून चाळीस मिनिटं नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडायचे. ते वर येताना ऑक्सिजनला सोबत घेऊन निघून जातात. लगेच कुप्या भरायच्या आणि ज्योतीवर त्यांची तोंडं बंद करायची.

पण ऑक्सिजन खरोखर गेला की नाही, हे कळायचं कसं? कुपी फोडून पाहावं तर फोडताक्षणी हवा आत शिरते. ते म्हणजे चोर आहे का बघायला घराचं दार सताड उघडून ठेवण्यासारखं. मला दार उघडावं लागत नव्हतं. मी काचेबाहेरूनच ओळखायचो. ह्यासाठी तर मला आणलं होतं.

ओळखायचो कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाण्याच्या प्रत्येक थेंबात मोजता येणार नाहीत इतके चिमुकले भोवरे असतात. कुपी माझ्या पोटात आली की ते माझ्याकडे तोंड करून उभे राहतात. सगळे नाही हो, लाखातले थोडेच. बाकीचे मागच्या बाकावरच्या मुलांसारखे, शिक्षक आले काय नि गेले काय. त्या उभ्या राहिलेल्यांना रेडिओलहरीचा एक टोला द्यायचा, ते आडवे पडतात, आणि पुन्हा उठून उभे राहायला किती वेळ घेतात ते मोजायचं. माझं सगळं शिक्षण एवढंच. पाणी शुद्ध असेल तर भोवरे आळसावून उठतात, साडेतीन सेकंद घेतात. पण ऑक्सिजन म्हणजे खिशात छोटं चुंबक घेऊन फिरणारा खोडकर. तो शेजारून गेला की आडव्या भोवऱ्याला चिमटा बसतो आणि तो टुणकन उठतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितके भोवरे लवकर उभे.

म्हणजे खरं बघता मी ऑक्सिजन कधी पाहिलाच नाही. मी फक्त चिमटे मोजतो. हे वाक्य जपून ठेवा, माझी अब्रू ह्याच वाक्यात अडकून पडली आहे.

माझी देखभाल करायच्या त्या वहिनी. त्या कारखान्याच्या तपासनीस होत्या. कारखान्यातले झाडून सगळे, अगदी वयाने मोठे असलेलेही, त्यांना वहिनीच म्हणत. कारण त्यांचे सख्खे धाकटे दीर तिथेच कामाला होते आणि पहिल्या दिवशी त्यांनी भर कॅन्टीनमध्ये "वहिनी, डबा विसरलात!" अशी आरोळी ठोकली होती. त्या दिवसापासून बाईंचं नाव गेलं ते गेलंच. दिरांचंही काही राहिलं नाही. ते टाकीवर नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे, म्हणून त्यांना सगळे बुडबुडे म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटे. वहिनी मात्र त्यांना भावोजीच म्हणायच्या, म्हणून मीही तसंच म्हणतो.

माझ्याभोवती जमिनीवर एक लाल रेघ आखलेली होती. तिच्या आत लोखंड आणायचं नाही. मी कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे. एकदा साफसफाईवाल्याची बादली, एकदा सुताराचा हातोडा, आणि एकदा तर चाकाच्या खुर्चीवर बसलेला एक जाडजूड पाहुणा मी खुर्चीसकट तीन खोल्यांतून ओढून आणला. बरं, खुर्ची रिकामी होती. आणि ती ह्याच खोलीत होती. पण सरकली होती, हे खरं.

वहिनी खोलीत शिरण्याआधी केसांतल्या पिना काढून दाराबाहेरच्या बशीत ठेवायच्या आणि केस सुती फितीने बांधायच्या. पिना काढताना मोजायच्या, पाच. मग बिनखिळ्यांच्या लाकडी स्टुलावर चढून कुपी माझ्या टाळूवरच्या भोकात सोडायच्या. कुपी हवेच्या गादीवर तरंगत सावकाश माझ्या पोटात उतरायची. सव्वीस वर्षं दिवसाला दहा-बारा वेळा ती उतरायची आणि वर यायची. दमणार नाही तर काय?

वहिनींचा एक नेम होता, "दोनदा विचारायचं." एखाद्या कुपीचा आकडा वाईट आला, की तिच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. कुपी फोडायची, औषध पातळ नळीत घ्यायचं, वर रबराचं बूच, त्यातून सुई, आणि सुईतून अर्धा तास नायट्रोजन. मग पुन्हा माझ्याकडे. आता भोवरे साडेतीन सेकंदांवर आले तर समजायचं की चोर ऑक्सिजनच होता, कारण नायट्रोजनने त्याला हाकलून दिलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या प्रश्नाने पहिलं उत्तर एकदाही बदललं नव्हतं. तरी वहिनी विचारायच्याच. भावोजी चिडवायचे, "वहिनी, तुम्ही दादाला तरी एकदा विचारून थांबता का?" वहिनी म्हणायच्या, "त्यांना तीनदा विचारते. पहिल्या दोनदा त्यांना ऐकूच येत नाही."

भावोजींचं माझ्याशी आणखी एक नातं होतं. माझ्या बाहेरच्या हंड्याला दर आठवड्याला द्रवरूप नायट्रोजन पाजावा लागे, नाहीतर आतला महागाचा हेलियम उडून जाई. नायट्रोजन म्हटलं की भावोजी. दर सोमवारी सकाळी ते अॅल्युमिनियमच्या गाड्यावर पिंप घेऊन यायचे. लाल रेघेपाशी थांबून पट्टा काढायचे, दोन्ही खिसे उलटे करायचे, आणि मग आत येऊन मला पाजायचे. पांढरा धूर माझ्या खांद्यांवरून ओघळायचा. "पी बाबा, पी," म्हणायचे. "घरचं पोर एवढं मुकाट्याने जेवलं असतं तर..." सव्वीस वर्षांत त्यांनी एकही सोमवार चुकवला नाही. त्यांना ताप असताना ते आले होते, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही.

सुरुवातीला माझं कौतुक किती! परदेशी पाहुणे यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे आणि फोटोनंतर त्यांची घड्याळं बंद पडायची. पण दिवस सरले, माझा रंग उडाला, आकडे छापणारं यंत्र अडखळू लागलं आणि पाहुणे येईनासे झाले. नवीन साहेब आले. त्यांनी मला पहिल्यांदा पाहून विचारलं, "हा बॉयलर इथे कशाला?" वहिनींनी फडकं घेतलं आणि माझं पोट पुसलं.

आता मी त्या गुरुवारावर येतो. त्यावर यायला मला आवडत नाही.

दुपारी नव्या भरतीच्या, म्हणजे त्या दिवशी टाकीतून भरलेल्या, पाच कुप्या आल्या. पहिली उतरली. मी भोवऱ्यांना टोला दिला, मोजलं. पावणेतीन सेकंद. दुसरी, पावणेतीन. पाचही तशाच. इतकी वाईट भरती आम्ही कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. साहेब रेघेबाहेर उभे होते.

"किती?"

"पावणेतीन."

"पाचही?"

"पाचही."

"म्हणजे ऑक्सिजन. नायट्रोजन कुणीतरी लवकर बंद केला. टाकीवर कोण होतं?"

वहिनींनी कुप्या ओळीने लावल्या. त्या आधीच ओळीत होत्या. "तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"हं." साहेब हसल्यासारखं करत म्हणाले, "मग करा तुमची ती दुसरी चाचणी. करा, करा. शेवटी घरचा दीर आहे. आम्ही समजू शकतो."

साहेब वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. पण काही माणसं जखमेवर मीठ चोळतात आणि त्यांना वाटतं आपण मलम लावतो आहोत. वहिनींचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. आता दुसरी चाचणी केली तर उद्या कॅन्टीनमध्ये काय बोललं जाईल, ते त्यांना तिथेच ऐकू आलं असावं. दुसऱ्या कुणाची भरती असती तर त्यांनी हजारदा विचारलं असतं. पण भरती दिराची होती, म्हणून एकदाच विचारलं. त्यांनी पेन उचललं, "ऑक्सिजन जास्त" असं लिहिलं, सही केली आणि सहीखाली जाड रेघ ओढली.

मी ओरडलो असतो. पण मला तोंड नाही, नुसतं भोक आहे. आणि ओरडून तरी काय सांगणार होतो? मलाही तेव्हा ऑक्सिजनच वाटला होता.

त्याच दिवशी भावोजींना टाकीवरून काढलं. मंगळवारी सकाळी त्यांच्या हातात कागद ठेवायचा असं ठरलं. नोकरीवरून कायमचं काढल्याचा कागद, कारण म्हणून "कामात हयगय", आणि खाली पुरावा म्हणून माझा आकडा. सव्वीस वर्षं ज्याच्या हातचं प्यायलो, त्याच्यावरच मी बोट ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी गाड्याची चाकं वाजली. मला वाटलं, दुसरा कुणी असेल. पण रेघेपाशी पट्टा निघाला आणि खिसे उलटे झाले.

"आलात?" वहिनी वर न बघता म्हणाल्या.

"सोमवार आहे."

"तुम्हाला कामावरून बाजूला ठेवलंय ना?"

"टाकीवरून ठेवलंय. ह्याच्यावरून अजून कुणी काढलं नाही. आणि भांडण माणसांचं. ह्या मुक्याला उपाशी का ठेवायचं?"

त्यांनी मला पाजलं. आज "पी बाबा" म्हणाले नाहीत. धूर ओघळून संपला तरी ते गेले नाहीत.

"वहिनी, घरी जेवताना तुम्ही बोलत नाही. दादा तर भिंतीकडे तोंड करून जेवतो. म्हणून इथे विचारतो. मी नळी लवकर बंद केली, असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतं, भावोजी? आकडा आहे."

"आकडा कुणी दिला? ह्याने?" त्यांनी माझ्या पोटावर थाप मारली. "काय रे, मी पाजतो तुला, आणि माझ्याच नावाने बोंब मारतोस?" मग आवाज खाली आला. "चाळीस मिनिटं घड्याळ लावून बसलो होतो मी. चहालाही उठलो नाही. जाऊ द्या. एकच सांगतो. पिवळ्या पडलेल्या कुपीलासुद्धा तुम्ही दोनदा विचारता. मला एकदाही विचारलं नाहीत."

वहिनी स्टुलावरून उठल्या, कपाटातून त्या भरतीच्या राखून ठेवलेल्या दोन कुप्या काढल्या आणि म्हणाल्या, "तिकडे खुर्चीवर बसा. कशालाही हात लावायचा नाही. दोन्ही हात मांडीवर, मला दिसतील असे."

"शाळेत बसवताय का मला?"

"हो. बसा."

कुपी टक् करून फुटली. औषध नळीच्या काचेवरून सावकाश ओघळवत आत गेलं, म्हणजे हवा मिसळू नये. बूच, सुई, नायट्रोजन. अर्धा तास सरला. नळी माझ्याकडे उतरली. मी टोला दिला आणि मोजलं.

पावणेतीन.

वहिनींनी चष्मा पुसला. आणखी एक तास नायट्रोजन दिला. मुंगीच्या श्वासाइतकासुद्धा ऑक्सिजन उरला नसेल इतका. पुन्हा माझ्याकडे. पुन्हा पावणेतीन. मग त्यांनी जुन्या, चांगल्या भरतीची एक कुपी फोडून हवेत खळखळ हलवली. तिचा आकडा खाली आला. नायट्रोजन दिला, साडेतीनवर परत गेला. म्हणजे रीत बरोबर होती, सुई बरोबर होती, मी बरोबर होतो. फक्त ह्या भरतीत चिमटे काढणारा कुणी वेगळाच होता. त्याला नायट्रोजन हाकलू शकत नव्हता.

"भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "पाण्यात विरघळून चुंबकासारखं वागणारं दुसरं काय असतं, माहीत आहे? लोखंड. चिमूटभरही लागत नाही."

भावोजी खुर्चीवरून अर्धे उठले, मांडीवरचे हात आठवून पुन्हा बसले. "बुधवारी नळकऱ्याने टाकीच्या बुडाचा जोड बदलला. जुना गळत होता. मी म्हटलं, अरे, हा जोड जरा काळपट दिसतो. तर मला म्हणतो, तू बुडबुडे सोड, जोडाचं मी बघतो."

वहिनींनी दुसरी कुपी फोडून बशीत ओतली आणि लोखंड भेटलं की लाल होणाऱ्या रसायनाचा एक थेंब तिच्यात टाकला. बशीतलं पाणी फिकट गुलाबी झालं. आंबट औषधाने नवा जोड एका दिवसातच चाटायला सुरुवात केली होती.

साहेबांना बोलावलं. नळकऱ्यालाही. तो जुना आणि नवा, दोन्ही जोड घेऊन आला. तो शपथेवर सांगत होता की नवाही न गंजणाऱ्या, चांगल्या पोलादाचाच आहे. वहिनी म्हणाल्या, "भांडण कशाला? ह्याला विचारू." त्यांनी दोन्ही जोड लांब दोऱ्यांना बांधले आणि रेघेबाहेर उभ्या राहून हात पुढे केला. चांगल्या पोलादाचा जुना जोड ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहिला. असलं पोलाद चुंबकाला दाद देत नाही, माझी त्याच्याशी ओळख नव्हती. नवा मात्र दोऱ्यासकट तिरपा झाला आणि माझ्याकडे बघू लागला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढ्या जोराने कधी कुणाला हाक मारली नव्हती.

"दोऱ्याला काय," साहेब म्हणाले, "पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो." त्यांनी दोरा सोडवला, जोड मुठीत घेतला आणि हाताला काय जाणवतं ते बघायला एक पाऊल पुढे टाकलं.

"साहेब, रेघ!" वहिनी ओरडल्या.

मी लोकांना सांगतो की साहेब जोडासकट हवेतून उडत आले आणि माझ्या पोटाला येऊन चिकटले. तसं काही झालं नाही. जोड एकटाच आला. साहेबांच्या अंगठ्याचं नख सोबत घेऊन आला, एवढंच. पण असा आला की माझ्या बरगडीत खड्डा पडला. आतल्या भांड्यांना हादरा बसला, तारेची एक जागा जराशी तापली, आणि तिला आठवलं की आपण विजेला अडवू शकतो. सव्वीस वर्षं फिरणारी वीज अडखळली. अडखळली ती उष्णता झाली, आणि सगळा हेलियम एकदम उकळला. माझ्या डोक्यातून पांढरा लोट छतापर्यंत गेला. शिटी अशी वाजली की अंगणातली कबुतरं उडाली.

हेलियम पेट घेत नाही, विषारीही नसतो. तो फक्त खोलीतली हवा ढकलून बाहेर काढतो. बघा गंमत! जन्मभर दुसऱ्यांचा ऑक्सिजन मोजला, आणि शेवटी खोलीतला ऑक्सिजन मीच पळवला.

"वाका! खाली वाका आणि दाराकडे!" हे भावोजी. वायूंशी आयुष्य काढलेला माणूस. साहेब आपला अंगठा बघत तिथेच उभे होते. भावोजींनी त्यांची कॉलर धरली आणि ओढत नेलं. दार चार पावलांवर होतं. मी सांगताना चाळीस करतो.

मंगळवारचा कागद निघाला नाही. ती भरती फेकून दिली, लोखंडाने ती तशीही पिवळीच पडली असती. भावोजी टाकीवर परत गेले. हे सगळं चांगलंच झालं. पण वहिनींना नवा अहवाल लिहायचा होता. साहेब हाताला पट्टी बांधून आले आणि खरोखर मायेने म्हणाले, "जास्त खोलात जाऊ नका वहिनी. मशीन म्हातारं होतं, आकडा चुकला, असं लिहा. तसंही ते आता गेलंच आहे. तुमची दोन वर्षं राहिलीत, कशाला ठपका घेता?"

वहिनी म्हणाल्या, "आकडा नाही चुकला. त्याने चिमटे बरोबर मोजले. चोराचं नाव मी सांगितलं, आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. ठपका बसला. माझ्यावर तो ढकलणं किती सोपं होतं बघा. माझ्यात तर तेव्हा नाही म्हणायलाही वीज उरली नव्हती.

मला पुन्हा थंड करायचा विचार कुणी केला नाही. आता टाकीवर पेनासारखी एक काडी बसवली आहे, ती म्हणे क्षणात ऑक्सिजन सांगते. सांगू दे. मला रेघेच्या आतच एका बाजूला सरकवलं आहे आणि माझ्या शेजारी लोखंडी कपाट आणून ठेवलं आहे. एकेकाळी त्याची माझ्या खोलीच्या दारात उभं राहायची छाती नव्हती. आता ते दार उघडताना रोज मला धक्का देतं.

वहिनी निवृत्त झाल्या त्या दिवशी आल्या होत्या. बशीपाशी थांबून सवयीने हात केसांकडे गेला. मग थांबला. पाचही पिना केसांतच ठेवून त्या रेघ ओलांडून आत आल्या आणि माझ्या बरगडीतल्या खड्ड्याला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. एकही पिन हलली नाही. "झोप आता," त्या म्हणाल्या. "दमलास."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र असेल, किंवा जुनं माणूस असेल. त्याने काही सांगितलं तर ते म्हातारं झालं म्हणून उडवून लावू नका, आणि आकडा आहे म्हणून डोळे मिटून मानही डोलवू नका. त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, तेवढं समजून घ्या. कुणावर बोट ठेवायचं असेल तर दोनदा विचारा. परका असेल तर दोनदा. घरचा असेल तर लोक काय म्हणतील ह्या भीतीने एकदाच विचारून थांबू नका. त्याचाही दोनदाचा हक्क आहे. आणि जो तुम्हाला पाजतो, त्याचं नाव घेण्याआधी तर जरा थांबाच.

झोप म्हणाल तर अजून लागत नाही. सवय मोडली आहे. आणि त्यात सोमवार येतो. गाड्याशिवाय, पिंपाशिवाय, नुसतं एक फडकं घेऊन भावोजी येतात. माझ्यात आता टाचणी उचलायचीही ताकद नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तरी ते रेघेपाशी थांबतात, पट्टा काढतात, दोन्ही खिसे उलटे करतात आणि मगच आत येतात. सगळ्या थापा मी मारल्या, पण ही एक त्यांची. माझ्यात अजून वीज फिरते आहे, अशी. ती मी मोडत नाही.